नकाशाबाहेरचे साडेतीन फूट

भायखळ्याला मी रस्ता ओलांडायला उभा होतो आणि समोरून एक घर गेलं. लॉरीवर. दोन खिडक्या, एक दार, वर उतरतं छप्पर, भिंतींना फिकट पिवळा रंग. ट्रामवाला घंटा बडवत होता, हवालदार हात वर करून उभा होता, आणि घर आपलं सावकाश वळण घेत होतं. मुंबईत लॉरीवरून काय काय जातं ते कुणाला सांगायला नको. मी एकदा आजारी घोडा गेलेला पाहिलाय. पण या घराच्या दाराला कुलूप होतं. त्या कुलपानं माझं डोकं फिरवलं. आत माणूस नाही, भांडं नाही, घर अजून कुणाचं झालेलंसुद्धा नाही. मग कुलूप कशाला? आतलं काय बाहेर पडणार होतं? ऑफिसात पोचायला उशीर झाला, हेडक्लार्कनं घड्याळाकडे पाहिलं, मी बोर्डावर कागद लावला आणि दिवसभर एका गोदामाच्या नकाशावर रेघा मारत बसलो. मी ड्राफ्ट्समन. दुसऱ्यांच्या इमारती कागदावर उभ्या करायच्या आणि संध्याकाळी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जाऊन झोपायचं, हा माझा अकरा वर्षांचा धंदा. त्या दिवशी पहिल्यांदाच गोदामाला मी पेन्सिलीनं कुलूप काढलं. दाराच्या मधोमध, एवढंसं. मग खोडून टाकलं.

मला एक खोड आहे, लहानपणापासूनची. कुठलीही वस्तू दिसली की बोटानं वाजवून बघायची. माठ, होडी, टेबल, भिंत. आत काय आहे? भरीव की पोकळ? माझी बायको सरस्वती म्हणते, तुम्ही मला बघायला आलात तेव्हा आमच्या ओटीचा खांब वाजवून बघितलात, नवरीकडे लक्षच नव्हतं. खोटं नाही ते. खांब सागाचा होता. तर लॉरीच्या मागच्या फळीवर कारखान्याचा पत्ता होता, ठाण्याच्या अलीकडे, खाडीला लागून. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली तसा मी तिकडे गेलो. आवारात सात घरं ओळीनं उभी होती. जमिनीवर नव्हे, लाकडी ओंडक्यांवर. त्यांच्या पोटाखालून एक कुत्रं आरपार गेलं. मी पहिल्या घराची भिंत वाजवली. सिमेंटचा पत्रा, आत लोखंडी सांगाडा. आवाज पोकळ, पण कोरडा नाही, दुपारी कुणी झोपेत हुंकार द्यावा तसा. कारखान्याचा माणूस सांगत होता : बावीस फूट बाय अकरा फूट, दोन खोल्या, मोरी, खिडक्यांना काचा, सगळं तयार. तुम्ही फक्त जोतं बांधून ठेवायचं. आम्ही घर आणून ठेवणार. व्हरांडा पाहिजे तर वेगळा, त्याचे ज्यादा. मी म्हटलं, व्हरांडा नको. पैशाचा विचार होताच, पण खरं सांगायचं तर मला ते घर त्या नेटक्या चौकोनातच आवडलं होतं. चार रेघांत बसणारं. ‘आणि कुलूप का लावता?’ मी विचारलं. ‘रस्त्यात दार उघडून आपटतं साहेब,’ तो म्हणाला. एवढंच. इतकी साधी गोष्ट! मला वाईटच वाटलं थोडं.

पण तो पोकळ आवाज ऐकून मी थांबलो तो दुसऱ्याच कारणानं. चालतं घर मी त्याआधी एकदा बघितलेलं होतं. अठ्ठेचाळीस सालच्या तुफानात आमच्या गावचा बांध फुटला. बेलापूरच्या खाडीकाठी आमचं गाव. बांधाच्या अलीकडे भातखाचरं आणि घरं, पलीकडे मिठागरं आणि चिखल. माझा बाप बाळाराम मिठागरावर कामाला होता. बांध फुटला तशी खाडी आत आली, सरळ आली, ओळखीच्या माणसासारखी, आणि आमचं कुडाचं घर तिनं सोडवून घेतलं. भिंती विरघळल्या. छप्पर मात्र अख्खं सुटलं आणि निघालं. सकाळी वारा पडल्यावर आम्ही देवळाच्या उंचवट्यावर उभे होतो आणि आमचं छप्पर ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाकडे चाललेलं होतं, वर एक कोंबडी बसलेली. बाप म्हणाला, ‘घर चाललं.’ एवढंच म्हणाला. मी तेव्हा अठरा वर्षांचा घोडा, रडायचं सोडून मला प्रश्न पडला होता की हे आता जाऊन कुठे लागेल? कुणाच्या दारात? पुढल्या वर्षी बाप गेला. आई धाकट्या भावाकडे, जयदेवमामाच्या घरी राहायला गेली, त्याच गावात, चार घरं पलीकडे. मी बापाच्या बाराव्याला तिला म्हटलं होतं, ‘आये, पुढच्या शिमग्याला तू तुझ्या घरात.’ त्यानंतर चौदावा शिमगा जवळ आला होता.

मामानं कधी एका शब्दानं दुखवलं नाही तिला. विमलमामीनंही नाही. आधी ताट वाढायचं ते तिला. पण गावात गेलो की मी बघायचो : आई ओटीच्या अगदी कडेला बसलेली असायची, गुडघे पोटाशी घेऊन. पाठ भिंतीला टेकलेली मी कधी पाहिली नाही. येणाराजाणारा आला की ती गुडघे आणखी आवळून घ्यायची, त्याला वाट करून द्यायची. आमच्याकडे घरातल्या माणसानं ‘ये, बस’ म्हटल्याशिवाय कुणी कुणाच्या ओटीवर चढत नाही. सख्खा भाऊ असो, व्याही असो. खाली अंगणात उभा राहील, बोलेल, जाईल, पण चढणार नाही. आणि ‘ये, बस’ म्हणायचं ते त्या घराच्या माणसानं. आईला भेटायला तिची बाळपणाची मैत्रीण बायजा यायची, तर आई नुसती तिच्याकडे बघायची आणि मग आत हाक मारायची, ‘विमल, बायजा आयली गं!’ मामी हात पुसत बाहेर येऊन म्हणायची, ‘ये, बस.’ मग बायजा चढायची. मधे जो वेळ जायचा, एक उभी, एक बसलेली, दोघी गप्प, तो मी कितीदा बघितलाय. बघितलाय आणि मला त्यात काही दिसलं नाही. आईनं मला तोंडानं सांगितलं ते एकच, तेही एकदाच, लाँचवर सोडायला आली होती तेव्हा. म्हणाली, ‘मेल्यावर मना दुसऱ्याच्या दारातनं नेऊ नको रं, हिरामन.’ लाँचचा भोंगा झाला आणि मी ‘हो हो’ म्हणून चढलो. धक्क्यावर ती लहान होत गेली तरी ते वाक्य काही लहान झालं नाही. तिला खोकला लागला होता त्या वर्षी.

सरस्वतीला मी घराचं सांगितलं तर ती आधी हसली. ‘घर घेताय की ट्रंक?’ म्हणाली. मग मी काढलेला नकाशा हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. ‘मोरीला खिडकी आहे हो,’ म्हणाली. चाळीत बायकांना मोरीची खिडकी म्हणजे काय ते पुरुषांना कळायचं नाही. तिनं कागद उलटा केला, मागे काही नव्हतं. ‘आत्याबाईंना विचारलंत?’ आईला ती आत्याबाई म्हणते. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? घर पाहिजे होतं, घर येतंय. दगड गोळा करा, वासे शोधा, पावसाळ्याआधी होईल का बघा, सगळ्या गावाच्या हातापाया पडा, काही नको. एका भरतीत घर! मला वाटत होतं मी काहीतरी युक्ती शोधून काढली आहे, चौदा वर्षांची उधारी एका सकाळीत फेडायची.

पुढच्या रविवारी नकाशा घेऊन गावी गेलो. बांधापासून वर आमचा तुकडा तसाच पडलेला, मधे आमच्या जुन्या चुलीचे तीन दगड, त्यांना गवत आलेलं. मामाच्या ओटीवर नकाशा पसरला. मामा उकिडवा बसून बघत होता, गावचा गवंडी नामा विडी कानाला लावून बघत होता. आई आपल्या कडेला. मी बोटानं दाखवत होतो, ही खोली, ही खोली, ही मोरी, इथे खिडकी, खिडकीतनं खाडी दिसेल. ‘आन ओटी?’ आईनं विचारलं. मी म्हटलं, ‘ओटी नाही. नव्या पद्धतीत नसते ओटी. दार उघडलं की खोली.’ ‘आसं,’ ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, ‘मंजे मानूस आयला, का सरळ घरात?’ मी म्हटलं, ‘हो, खुर्चीवर बसेल ना!’ मामा मोठ्यानं हसला, ‘धोंडूताय खुर्चीवर बसनार!’ सगळे हसले, आईसुद्धा हसली. मी बोटानं मोरीचा निचरा कुठून जाईल ते दाखवायला लागलो. नामानं त्याच संध्याकाळी माझ्यासमोर खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या. बावीस बाय अकरा. कर्ण मी स्वतः मोजला, दोन्हीकडून, अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता. मग दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लाँच पकडून मी मुंबईला निघून आलो.

घर न्यायचं ते पाण्यावरून, कारण आमच्या गावाला लॉरीचा रस्ता नव्हता. मीठ वाहायचे दोन पडाव, म्हणजे मोठ्या सपाट होड्या, शेजारी शेजारी बांधले, त्यांवर आडवे ओंडके, त्यांवर घर. पडाव चालवणारा गणू तांडेल म्हणाला, माघी पौर्णिमेचं उधाण पाहिजे, त्याशिवाय गावच्या चिखलावर एवढं पाणी चढत नाही. दुपारी बारा-साडेबाराला भरती पूर्ण, तोवर काठाला लागलं तर लागलं, नाहीतर पंधरा दिवस घर खाडीत. पहाटेची ओहोटी घेऊन आम्ही कारखान्यातून सुटलो. मी घराच्या आत बसलो होतो. कुणी बस म्हटलं नव्हतं. पण मला बघायचं होतं. दार मी मुद्दाम लावून घेतलं. आत नव्या रंगाचा वास, सिमेंटचा वास, आणि खालून पाण्याचा वास. जमिनीवर पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं ‘मागची बाजू’. घर किंचित डावीकडे झुकायचं, विचार करायचं, परत यायचं. आणि खिडकी! खिडकीत चित्र थांबत नव्हतं. आधी कांदळ, मग चिखलावरचे बगळे, मग तुर्भ्याचा डोंगर आला, खिडकीत मावला नाही, अर्धा अर्धा करून गेला. माणसाचं घर एका जागी असतं म्हणून त्याला वाटतं की खिडकीत जे आहे ते आपलं. मी मनाशी म्हटलं, हे घर अजून कुठलंच नाही. आत्ता ते कुठे आहे? तुर्भ्याला? बेलापूरला? मी या घरात आहे, तर मी कुठे राहतो? मी भिंत वाजवली. आवाज बदलला होता, खालच्या पाण्यानं भरून आल्यासारखा. मला एकदम बापाची आठवण झाली. बाप असता तर माझ्याशेजारी बसून त्यानंही भिंत वाजवली असती. ही खोड त्याचीच. मी त्याला विचारलं असतं, ते छप्पर कुठे लागलं असेल हो बा? खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा सूर्य वर आला होता, पडाव भरती धरायला थांबले, आणि मी दार उघडून उंबऱ्यात बसलो, पाय बाहेर सोडून. ज्या पाण्यावरून आमचं घर गेलं त्याच पाण्यावर मी बसलो होतो, आणि घर परत येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गणू तांडेल सुकाणूवरून ओरडला, ‘ओ ड्राफमनशेट, आत व्हा, तोल जातोय!’

गाव काठाला उभं होतं. पोरं तर कमरेएवढ्या पाण्यात. कुणी म्हणे बोट आयली, कुणी म्हणे देऊळ आयलं. चिखलावरून आमच्या तुकड्यापर्यंत मामानं ताडाचे ओंडके टाकून ठेवले होते, आणि दोर. घर उतरवायचं ते कारखान्याच्या माणसांनी, असं कागदावर होतं. पण वीस-पंचवीस जण आपणहून दोराला लागले, बायजासुद्धा पदर खोचून. ‘व्हंय साऽऽ’ करत घर ओंडक्यांवरून वर निघालं. मी पुढे पळत जोत्यापाशी गेलो आणि मला काहीतरी खटकलं. डोळ्यांना सवय असते. जोतं मोठं होतं. मी खिशातली टेप काढली. लांबी बावीस, बरोबर. रुंदी अकरा नव्हे. साडेचौदा! खाडीच्या बाजूला, दाराच्या बाजूला, साडेतीन फूट जास्त, चांगले दगड भरून, वरून शेणानं सारवूनसुद्धा घेतलेलं. तोवर घर जोत्यावर चढलं, मागच्या कडेला बसवलं, कारखान्याच्या माणसानं पाणसळ लावून सपाटी बघितली, आणि पुढे एवढी पट्टी उघडी राहिली. तो माझ्याकडे बघून हसला, ‘साहेब, नकाशा तुम्हीच काढला होता ना?’

मी नामावर घसरलो. ‘अरे, अकरा म्हणजे अकरा! तुला टेप धरता येत नाही? अकरा वर्षं मी हेच काम करतो, लोकांची गोदामं इंचाला चुकत नाहीत आणि माझं स्वतःचं घर...’ बोलत सुटलो. लोक दोर गुंडाळत ऐकत होते. नामा विडी हातात धरून खाली बघत म्हणाला, ‘मी दोरीवर बांधतो, दादा. दोरी जिथं व्हती तिथं बांधला.’ ‘दोरी मी मोजून गेलो होतो!’ मी ओरडलो.

‘नामाला बोलू नको,’ आई म्हणाली. ती गर्दीच्या मागे होती, लोक बाजूला झाले. ‘खुंट्या मी सरकवल्या.’

मला आधी कळलंच नाही. ‘कुणी?’

‘मी. तू लाँचला गेलास ना, त्या सकालचीच. दोन खुंट्या. दोरी परत बांधली. नामाला बोलले, हिरामन सांगून गेला.’ तिच्या आवाजात चूक केल्याचं काही नव्हतं; बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगत होती. मला राग आला होता आणि तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. मी विचारलं ते माझ्या धंद्याचं. ‘पण साडेतीन फूटच का? मोजलंस कशानं?’

‘मोजते कशानं? खाली बसले,’ ती म्हणाली. ‘तुझी दोरी तीच भिंत समजले. तिला पाठ लावली, पाय लांब केले, आन पायाशी खुंटी ठोकली.’

मामाच्या हातात दोर होता तो त्यानं उगाच परत उलगडला. मला मामाच्या ओटीची कड दिसली, तिथले आवळलेले गुडघे दिसले, चौदा वर्षांचे. एका सकाळी दव पडलेल्या उघड्या तुकड्यात ही म्हातारी एकटीच दोरीला पाठ लावून बसलेली दिसली, मागे भिंत नाही, वर छप्पर नाही, पाय सरळ खाडीकडे केलेले. किती वेळ बसली असेल? कुणी बघितलं असेल का? मी सगळं वाजवून बघत आलो होतो, कारखाना, भिंत, दार, आणि हिला कधी विचारलं नाही, आये, तुला काय पाहिजे? मला लाज वाटली. चारचौघांत, नामासमोर, भरदुपारी लाज वाटली.

कारखान्याच्या माणसानं कागदावर माझी सही घेतली आणि किल्ली दिली. मी ती आईच्या हातात दिली. तिनं ती न बघताच पदराच्या टोकाला बांधली. मी म्हटलं, ‘आये, आत ये, मोरी दाखवतो. खिडकी बघ, काचेची आहे.’ ‘आत कवाबी जाईन,’ ती म्हणाली. जोत्याला पायरी नव्हती, पायरी नकाशात कुणीच काढली नव्हती. जोत्याच्या कडेला सरकवून ठेवलेल्या आमच्या चुलीच्या जुन्या दगडावर पाय देऊन ती चढली, दाराशेजारी बसली आणि हळूच, अंदाज घेत, मागे टेकली. पिवळी भिंत पोकळ वाजली. ती दचकली, मान वळवून तिच्याकडे बघितलं, आणि बोटानं एकदा वाजवून बघितली. ‘हालत नाय ना रं?’ ‘नाही हालत,’ मी म्हटलं. मग तिनं पाय लांब केले. एक, मग दुसरा. टाचा बरोबर कडेला आल्या. पाण्याला ओहोटी लागली होती, पडाव मोकळे होऊन वर उचलले गेले होते आणि गणू तांडेल घाई करत होता. सरस्वतीला हे सांगायला पाहिजे असं मला वाटलं, आणि कसं सांगायचं तेही कळेना.

दोर खांद्यावर टाकून जयदेवमामा घराकडे निघाला होता. जाता जाता तो अंगणात थांबला. खालीच. चिखलानं पाय पोटऱ्यांपर्यंत भरलेले. बहिणीकडे बघत होता, आणि मी पहिल्यांदाच बघत होतो की मामा, जो ओटीचा मालक, तो कुणाच्या तरी अंगणात खाली उभा आहे आणि वाट बघतो आहे. आईनंही त्याच्याकडे बघितलं. चौदा वर्षांत तो शब्द तिनं वापरला नव्हता. मग खाकरून, जरा मोठ्यानंच, पलीकडे बायजाला ऐकू जाईल एवढ्यानं ती म्हणाली,

‘जयदेव, ये. बस.’

मामानं दोर खाली ठेवला. गवताला पाय पुसले, एकदा, दोनदा, मग चढला आणि तिच्या पायांना लागू नये असा कडेला, गुडघे पोटाशी घेऊन बसला. ‘नीट बस की,’ ती म्हणाली, ‘जागा हाय.’ मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी अजून खालीच होतो, हातात टेप.

‘आन तू रं? पावन्यासारका उभा काय ऱ्हायलास? ये, बस.’

मी टेप खिशात टाकली, चपला काढल्या, आणि चुलीच्या दगडावर पाय देऊन वर चढलो.